भिंत धरायला लाज कसली?

पत्र आलंय ते थोडं कापून देते:

"ताई, माझं वय 48. गुडघ्यामुळे पळणं बंद झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. पोहता मला लहानपणापासून येतं, शाळेत दोन बक्षिसंही मिळवली होती. म्हणून बिनधास्त तीन महिन्यांचे पैसे भरले. पहिल्या दिवशी 25 मीटरची एक फेरी फ्रीस्टाइलने मारली आणि पलीकडच्या भिंतीला लटकले, ती दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या लेनमध्ये सत्तरी उलटलेले एक काका अर्धा-अर्धा तास शिवणयंत्रासारखे येत-जात असतात. मी आपली भिंत धरून त्यांच्याकडे बघत बसते. तीन आठवडे झाले, दोन फेऱ्यांपुढे गाडी जात नाही. मग मान वर काढून बेडकासारखा पाय मारत ब्रेस्टस्ट्रोक करते. त्यात धाप लागत नाही, पण मान आखडते आणि ज्या गुडघ्यासाठी हा खटाटोप, तोच घरी येईपर्यंत कुरकुरायला लागतो. वजन एक किलोने वाढलंय! माझा स्टॅमिनाच संपला का? आठवड्यात किती दिवस जावं, किती फेऱ्या माराव्यात? गॉगलवर वाफ धरते त्याचं काय करू? आणि खरं सांगते, या आठवड्यात तीनदा दांडी मारली. – भिंतीला लटकलेली"

तुमचा स्टॅमिना कुठेही गेलेला नाही. तुम्ही पाण्यात श्वास सोडत नसणार, एवढंच. तुम्हाला पोहताना न बघता मी हे छातीठोक कसं सांगते? एका फेरीत बोलती बंद होणारी आणि मान वर काढली की निवांत पोहणारी माणसं मी इतकी पाहिलीत, की आता ओळख पटते. शिवाय त्यांतली एक मी स्वतः होते.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तलावात उतरले. तुमच्यासारखीच, येतंय की आपल्याला, या तोऱ्यात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिंतीला धरून हापत होते. काठावर उकिडव्या बसलेल्या तिथल्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं, "श्वास कुठे सोडता?" मी म्हटलं, "वर तोंड काढते तेव्हा घेते की." त्या म्हणाल्या, "घेता कधी ते नाही विचारलं. सोडता कधी?" मला उत्तरच देता येईना. कारण मी सोडतच नव्हते. तोंड पाण्यात गेलं की गाल फुगवून, दात आवळून श्वास धरून ठेवायचा. आणि तोंड वळवलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी जुना सोडायचा, मग नवा घ्यायचा. तेवढ्यात दोन्ही कसं जमणार? जुनाच पुरता बाहेर पडत नाही, वर नवा थोडासा कोंबायचा. असं आठ-दहा वेळा झालं की छाती हवेने भरलेली असते, तरी जीव मात्र घुसमटतो.

गंमत अशी की त्या क्षणी ऑक्सिजन फारसा कमी झालेला नसतो. आपण आत घेतो त्या हवेत साधारण 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि नेहमीचा श्वास बाहेर सोडतो त्यातही 16 टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. "श्वास घे, श्वास घे" अशी जी बोंब शरीर ठोकतं, ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो बाहेर टाकलाच नाही तर कितीही हवा ओढा, बोंब थांबत नाही. आपल्याला मात्र वाटतं की दम कमी पडला, वय झालं. काकांचं फुप्फुस तुमच्यापेक्षा मोठं असायचं काही कारण नाही. ते फक्त सोडतायत.

तेव्हा पुढच्या वेळी गेलात की पहिली पाच मिनिटं पोहूच नका. उथळ बाजूला, छातीइतक्या पाण्यात उभं राहून भिंत धरा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातून, जमलं तर थोडा तोंडातूनही, गुणगुणल्यासारखा सोडत राहा. खरंच "म्म्म्" असा आवाज काढत सोडा. आवाज काढताना श्वास धरून ठेवता येत नाही, ही त्यातली युक्ती. बुडबुड्यांची संथ माळ लागली पाहिजे. भसाभस एकदम नको आणि थांबत थांबतही नको. संपत आला की तोंड बाजूला वळवा, घ्या, परत आत. असं वीस वेळा. कंटाळवाणं आहे, आणि शेजारी चार वर्षांचं पोरही हेच करत असेल, त्याला इलाज नाही. मी हे दोन आठवडे रोज केलं. एक दिवस पोहताना बुडबुडे आपोआप सुटायला लागले आणि मी पलीकडची भिंत धरून नेहमीप्रमाणे हापायची वाट बघत राहिले. हापणं आलंच नाही!

एक ताकीद इथेच देते. श्वास सोडायचा सराव वेगळा आणि श्वास रोखायच्या पैजा वेगळ्या. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारणारे लोक प्रत्येक तलावावर असतात. त्या भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड इतका खाली जातो की धोक्याची घंटाच वाजत नाही आणि माणूस काही न कळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेलेत. त्या खेळात कुणी कितीही आग्रह केला तरी पडू नका.

आता वेग. शाळेत बक्षीस मिळालं होतं म्हणता, म्हणजे तुमच्या अंगात अजून ती शर्यत आहे. भिंतीला पाय लावला की तुम्ही सुटता, हो ना? पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट असतं आणि वेग वाढवला की त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट. जमिनीवर जरा जोरात चाललं तर जरा जास्त दमायला होतं; पाण्यात जरा जोरात गेलं की हिशेबच वेगळा होतो. त्यामुळे तुम्हाला लाज वाटेल इतकं हळू पोहून बघा. पाय तर जवळजवळ बंदच करा. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी, ऑक्सिजन तेच खाऊन टाकतात, आणि नवख्या माणसाच्या पायांनी फेस जास्त निघतो, पुढे जाणं फार कमी होतं. लांब पल्ल्याचे पोहणारे कितीदा एका हाताला एकच पाय मारतात, बाकी पाय नुसते मागे तरंगत येतात. काका असंच करत असतील, नीट बघा. ते दिसायला संथ दिसतात ना, ते तसेच आहेत.

आणि डोकं. पुढे बघत पोहू नका, तळाकडे बघा. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, हा तराजूच आहे. मग तुम्ही आडव्या न राहता तिरक्या होता आणि छातीने पाणी ढकलत जाता. तळाला लेनच्या मध्यातून काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवा. पलीकडची भिंत डोक्यावर आदळेल ही भीती वाटत असेल तर सांगते, शर्यतीच्या मापाने बांधलेल्या तलावात ती रेघ भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. ती पट्टी दिसली की हात लांब करायचा. श्वासासाठी तोंड वर उचलायचं नाही, बाजूला वळवायचं, तेही इतकंच की गॉगलची एक काच पाण्यातच राहील. पोहताना डोक्यापुढे पाण्याची लाट उठते आणि गालाजवळ एक छोटा खळगा तयार होतो. त्या खळग्यात तोंड आणलं की पुरे. पहिले काही दिवस नाकातोंडात पाणी जाईल. जाऊ द्या. खोका, हसा, पुढे चला.

आता तुमचा ब्रेस्टस्ट्रोक. त्यात धाप लागत नाही, कारण डोकं कायम बाहेर आणि श्वास मोकळा. पण त्याची किंमत मान आणि गुडघा देतायत. डोकं वर ठेवून पोहलं की मान सगळा वेळ मागे मोडलेली राहते, कंबरेलाही कमान पडते. आणि बेडकासारखा पाय मारताना पाऊल बाहेर वळवून गुडघा आतल्या बाजूने ताणला जातो. ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्यांना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं ही इतकी जुनी तक्रार आहे की तिला त्या प्रकाराचंच नाव पडलंय. डॉक्टर "पोहा" म्हणाले तेव्हा कुठला प्रकार ते बहुधा बोलले नाहीत. सहसा बोलत नाहीत. गुडघ्यात नेमकं काय झालंय ते मला माहीत नाही, म्हणून पुढच्या भेटीत त्यांना स्पष्ट विचारा, "बेडकाचा पाय चालेल का?" तोवर तो बंद. गुडघ्यासाठी पाणी चांगलं ते अंगाचा भार उचलतं म्हणून. कंबरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी अंगाचं जवळजवळ निम्मं वजन पाणी उचलतं, गळ्याइतक्या पाण्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास. एवढं फुकट मिळत असताना चुकीची लाथ मारून ते घालवायचं कशाला?

ब्रेस्टस्ट्रोकच्या जागी विश्रांतीचा प्रकार म्हणून बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं, घ्या. तोंड कायम वर, श्वासाची कटकट नाही, मानेला आराम आणि दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्या खांद्यांना उलटा ताण. त्यातला एकच वैताग म्हणजे मागची भिंत दिसत नाही. बऱ्याच तलावांवर भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर पताकांची दोरी बांधलेली असते ती त्यासाठीच. पताका डोक्यावरून गेल्या की किती हातांत भिंत येते ते एकदा सावकाश मोजून ठेवा. माझे पाच होतात. ते मोजण्याआधी मी दोनदा टाळकं आपटून घेतलंय.

वयाचा विषय निघालाच आहे म्हणून एक नाव सांगते. जपानच्या मिएको नागाओका. या बाई ऐंशीच्या घरात पोचल्यावर पोहायला लागल्या, आणि कारण काय, तर गुडघा! 2015 मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी 25 मीटरच्या तलावात 1500 मीटर पोहून दाखवलं. साठ फेऱ्या, सव्वा तास, सगळं बॅकस्ट्रोकने. शंभरीच्या माणसाने हे अंतर शर्यतीत पुरं करण्याची ती पहिलीच वेळ होती. तुम्ही अठ्ठेचाळीसच्या. तुम्हाला अजून पोहायला लागायचंही वय झालेलं नाही, असं म्हणायला हरकत नाही.

किती फेऱ्या, किती दिवस? आधी एक घोळ निस्तरते. लॅप म्हणजे काही लोक जाऊन-येऊन धरतात, काही नुसतं जाणं. मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतच्या अंतराला एक फेरी म्हणते, म्हणजे तुमच्या तलावात 40 फेऱ्यांचा एक किलोमीटर. कुणी "मी पन्नास लॅप मारतो" म्हणालं तर हातचा राखून ऐका.

तुमची मुख्य चूक (श्वासाची वगळता) ही की तुम्ही थांबण्याला हार समजता. पळताना, चालताना थांबलं की व्यायाम तुटतो असं वाटतं, तेच डोक्यात ठेवून पाण्यात उतरता आणि दुसऱ्या फेरीला दम तुटला की दिवस वाया गेला म्हणून काकांकडे बघत बसता. अहो, जगातले अव्वल पोहणारेसुद्धा सराव तुकड्यांत करतात. एवढ्या फेऱ्या, मग एवढे सेकंद भिंतीला, परत एवढ्या फेऱ्या. मोठ्या तलावांवर भिंतीवर सेकंदकाट्याचं भलंमोठं घड्याळ असतं, ते लोकांनी किती वेळ थांबायचं ते मोजण्यासाठीच लावलेलं आहे. भिंत हा व्यायामाचा भाग आहे. ती धरा, पण मोजून धरा.

मोजायचं सेकंदांत नको, श्वासांत. एक फेरी हळू पोहा, भिंत धरा, दहा पूर्ण श्वास घ्या, निघा. अशा आठ फेऱ्या, म्हणजे 200 मीटर. हसू नका. तुम्ही आत्ता दोन फेऱ्या मारून अर्धा तास भिंतीला काढताय, त्याच्या चौपट झालं हे. दहा श्वासांनंतरही एखादं वाक्य सलग बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोरात गेला होता; पुढची फेरी आणखी हळू. दोन आठवड्यांनी फेऱ्या बारा करा, श्वास दहाच. मग बाराच फेऱ्या ठेवून श्वास आठ करा. मग कधीतरी दोन-दोन फेऱ्या जोडून बघा, मध्ये पुन्हा दहा श्वास. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: फेऱ्या तरी वाढतील, नाहीतर थांबणं तरी कमी होईल. दोन्ही एकदम केलं की खांदा तक्रार करतो. मधे बॅकस्ट्रोकच्या दोन-चार फेऱ्या टाका. सुरुवातीला पाच मिनिटं ते बुडबुडे, शेवटी पाच मिनिटं नुसतं रमतगमत. तीन महिन्यांत तुम्ही 25-30 फेऱ्यांपर्यंत याल असा माझा अंदाज आहे, आणि नाही आलात तरी कुणी तपासायला येणार नाही.

दिवस तीन. आठवड्यातून पाच दिवस ठरवून तीनदा दांडी मारण्यापेक्षा तीन ठरवून तीन जाणं बरं, कारण दांडीचं ओझं मनावर बसतं आणि मग चौथी दांडी सोपी होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला मध्यम श्रमाचा 150 ते 300 मिनिटांचा व्यायाम सांगते, वर दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं तलावात गेली की उरलेलं चालण्यात भरून निघतं. ते चालणं आणि थोडं वजन उचलणं मात्र सोडू नका, गुडघा मान्य करेल तेवढं. पाणी भार उचलतं ही गोष्ट गुडघ्याला चांगली आणि हाडांना वाईट. हाडं टिकायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि आपल्या वयाच्या बायकांना तर तो विचार करायलाच हवा. नुसतं पोहून हाडांचं भागत नाही. हे तलावावरचे लोक सांगत नाहीत.

मनगटावर घड्याळ लावत असाल तर ठोक्यांच्या आकड्यावर रुसू नका. आडव्या अंगावर पाण्याचा दाब पडला की रक्त हृदयाकडे सोप्याने परततं, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला पाण्यात ठोके जमिनीपेक्षा साधारण दहाने कमी दिसतात. घड्याळाला वाटतं तुम्ही फिरायला आलात. शिवाय मधेच उभं राहून गॉगल सारखा केला की ते एक फेरी जास्त धरतं. माझं तर मला दर आठवड्याला दोन-तीन फेऱ्या बक्षीस देतं. पण छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र फेरी पुरी करायच्या फंदात न पडता बाहेर या आणि डॉक्टरांना गाठा.

आता तो एक किलो. मध्यम वेगाने सलग अर्धा तास पोहलं तर 65 किलोच्या माणसाच्या साधारण 190 कॅलरी खर्च होतात. तुम्ही त्या अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं भिंतीला काढता, मग राहिलं काय? आणि गार पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते ती काही औरच असते, तुम्हाला ठाऊक आहेच. घाम आलेला दिसत नाही, अंग गार, पोटात खड्डा; आणि मनात, आज पोहून आलोय, आज चालतं. हा किलो तलावाने दिलेला नाही, घरी परतल्यावरच्या पहिल्या तासाने दिलाय. त्या तासात काय खायचं ते निघायच्या आधीच ठरवून, काढून ठेवा. तेवढं करूनही पोहण्याने वजन झपाट्याने उतरत नाही. झोप सुधारते, पाठ मोकळी होते, जिना चढताना दम कमी लागतो. वजनकाट्यासाठीच जात असाल तर सहा आठवड्यांत कंटाळाल.

लाजेबद्दल तुम्ही थेट लिहिलं नाहीत, पण पत्रभर तीच आहे. लेनमध्ये दुसरे असले की आपल्यामुळे खोळंबा होतो असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे लेनचे रिवाज पाळणं, मग कितीही हळू असलात तरी कुणाची हरकत नसते. संथ लेन निवडा. आत कुणी असेल तर ते भिंतीशी आले की हात दाखवून विचारा आणि मगच उतरा. वरून उडी नको. दोघी असाल तर अर्धी-अर्धी लेन वाटून घेता येते. तिघं झाले की रेघेच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. डावीकडून की उजवीकडून ते तिथे फलकावर लिहिलेलं असतं, नाहीतर दोन मिनिटं बघून कळतं. थांबायचं ते भिंतीच्या कोपऱ्यात, मधोमध नाही, कारण येणाऱ्याला वळायला तीच जागा लागते. मागून कुणी पायाला हलकेच बोट लावलं तर रागवू नका, तो रागवलेला नसतो. भिंतीपर्यंत जा, कोपऱ्यात सरका, त्याला पुढे जाऊ द्या. एवढं सांभाळलं की तुमच्याकडे कुणीही बघत नाही. पाण्यात प्रत्येक जण आपापले आकडे मोजण्यात गुंग असतो, काकासुद्धा.

आणि त्या काकांशी एकदा बोलाच. त्यांनी हे एका दिवसात कमावलेलं नाही, विचारलंत तर पहिल्या फेरीची गोष्ट ते आनंदाने सांगतील. पण बोलण्याआधी एक करा. गॉगल लावून, उथळ बाजूला डोकं पाण्यात घालून ते समोरून जाताना बघा. वरून हात दिसतात, श्वास दिसत नाही. खालून बघितलंत की नाकातोंडातून बुडबुड्यांची न तुटणारी दोरी निघताना दिसेल, तोंड वळवेपर्यंत. मी असंच एका म्हाताऱ्या बाईंना बघितलं होतं. प्रशिक्षक बाईंनी जे चार दिवस तोंडाने सांगितलं ते त्या दहा सेकंदांत डोक्यात शिरलं.

दांडीचं म्हणाल तर तिचं मूळ बहुतेक ओल्या पिशवीत असतं. काल आल्यावर पोशाख पिशवीतच राहिला, आज तो गार, ओला, वास मारणारा, कोण घालणार? आल्या आल्या साध्या पाण्यात खळबळून वाळत टाका, टॉवेल बदला, पिशवी दाराशी ठेवा. जमलं तर दोन पोशाख ठेवा. माझ्या निम्म्या दांड्या दुसऱ्या पोशाखाने वाचवल्या. आणि ज्या दिवशी अजिबात नको वाटेल, त्या दिवशी फक्त चार फेऱ्या मारून येईन म्हणून निघा. चारच मारल्या तरी चालतं, खरंच.

खांद्यात टोचायला लागलं तर हात पाण्यात शिरताना कुठे शिरतो ते बघा. डोक्यापुढे मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात असेल, किंवा अंगठा आधी खुपसला जात असेल, तर खांदा आत पिळवटतो. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटांची टोकं आधी. पोटरीत गोळा आला तर भिंत धरून पायाची बोटं आपल्याकडे ओढा. कानात पाणी राहिलं तर डोकं कलतं करून निथळू द्या, बाहेरून पुसा, काडी घालू नका. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या, केस साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घाला, म्हणजे केस तलावाचं पाणी कमी पितात. तलावावर जो उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, ते नुसत्या क्लोरीनमुळे नाही; क्लोरीन आणि लोकांचा घाम, मूत वगैरे यांचं मिळून जे रसायन होतं त्याचा तो प्रताप. शॉवर न घेता उतरणाऱ्यांवर माझा राग आहे तो यामुळे.

राहता राहिला गॉगल. नवा गॉगल बहुतेक वेळा आतून वाफ न धरणारा लेप घेऊन येतो आणि आपण पहिल्याच आठवड्यात बोटाने, टॉवेलाने पुसून तो खरवडून काढतो. आतल्या बाजूला बोटही लावायचं नाही. वाफ धरली की भिंतीशी थांबून आत तलावाचं थोडं पाणी घ्या, हलवा, ओता, लावा. घरी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. नवा घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा; क्षणभर आपोआप चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. नाही राहिला तर पट्टा कितीही आवळलात तरी पाणी येणारच, आणि वर डोळ्यांभोवती ती दोन लाल कडी दुपारपर्यंत मिरवावी लागतील.